बाळ, तंबू आणि योसेमिटी: दोन रात्रींची तयारी

रानपाखरू

बाळ आधाराशिवाय बसायला लागलं, वरचं खाणं सुरू झालं, की बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा योसेमिटी नॅशनल पार्कात तंबूत राहायचं का? भारतातून आलेले आजी-आजोबा कपाळाला हात लावतात, मित्रमंडळी "उचला आणि निघा" म्हणतात. दोघांचंही ऐकू नका. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला तंबूत नेता येतं, फक्त सगळी सहल त्याच्या रात्रीच्या झोपेभोवती बांधावी लागते. झोप नीट झाली तर दिवसा काहीही निभावतं. नाही झाली तर सकाळी आठला तंबू गुंडाळायची वेळ येते. जून महिना, दोन रात्री, एवढं गृहीत धरून लिहितो.

तळ योसेमिटी व्हॅलीतच ठेवा. अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स, नॉर्थ पाइन्स हे तिन्ही तळ ४००० फुटांवर, म्हणजे १२०० मीटरच्या आसपास आहेत. जूनमध्ये दुपारी २७-२८ अंश, पहाटे १० च्या आगेमागे. ट्वॉलमी मेडोज ८६०० फुटांवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, त्या हिशेबाने तिथली पहाट शून्याला टेकते. फोटो तिथले सुंदर येतात, पण बाळाची पहिली तंबूतली रात्र तिथे नको. एका जागेवर सहाच माणसं चालतात आणि बाळ हेही त्यातलं एक डोकं धरतात. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर हे आधी मोजा.

जागा निवडताना नकाशात स्वच्छतागृह बघा. दाराच्या समोर नको, रात्रभर दिवा आणि दाराचा आवाज. तीस-चाळीस पावलांवर असलं की बरं. सकाळचं ऊन उशिरा येईल अशी झाडीतली जागा मिळाली तर सोडू नका. बंद तंबू उन्हात अर्ध्या तासात भट्टी होतो आणि बाळाची सकाळची झोप नेमकी त्याच वेळेला असते.

रस्ता: हायवे १२० ने गेलं तर मोकासिननंतर प्रीस्ट ग्रेडचा घाट लागतो. वळणांचा त्रास होणारं कुणी गाडीत असेल तर मर्सेड-मारिपोसावरून १४० ने या, तो रस्ता नदीकाठाने आणि सौम्य आहे. बाळाला कारसीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. १२० वर ओकडेल हा पहिला थांबा, ग्रोव्हलंड दुसरा. पेट्रोल तिथेच भरा, व्हॅलीत पंप नाही. जाड जॅकेट घालून पट्टे आवळू नका. जॅकेट दबतं आणि धडकेच्या वेळी पट्टा सैल निघतो. पट्टा लावल्यावर खांद्यापाशी तो दोन बोटांच्या चिमटीत पकडून बघा. पकडता आला तर तो ढिला आहे. गारठा असेल तर पट्ट्यांवरून ब्लँकेट टाका.

पोहोचायचं दुपारी तीन-चारला. पोहोचल्यावर कामाचा क्रम असा: सगळ्यात आधी घडीचा पाळणा (ज्याला इथे प्लेयार्ड म्हणतात) सावलीत उघडून बाळ आत. मग खाण्याच्या वस्तू लोखंडी लॉकरमध्ये (अस्वलांपासून वाचवायला तळावर असतो तो). मग तंबू. उलटं केलं की एकाच्या कडेवर बाळ आणि दुसऱ्याच्या हातात अर्धा तंबू, आणि दोघंही वैतागलेले.

तंबू सहा माणसांचा घ्या, तीन जणांसाठीच. "चार माणसांचा" तंबू म्हणजे साधारण आठ बाय सात फूट. त्यात दोन मोठ्यांच्या गाद्या टाकल्यावर ४० बाय २८ इंचांचा पाळणा बसतो, पण मग डायपर बदलायला जागा उरत नाही. सहाचा तंबू दहा बाय नऊ असतो आणि त्यात उभंही राहता येतं. रात्री दोनला बाळ खांद्यावर घेऊन थोपटायचं असतं तेव्हा त्या उंचीची किंमत कळते.

झोपेचे नियम घरी असतात तेच: पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, पाळण्यात दुसरं काही नाही. उशी नाही, दुलई नाही, लोड नाही. हवेची गादी बाळासाठी अजिबात नाही, ती दबते आणि तोंड त्यात रुततं. थंडी खालून येते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाळण्याचा तळ जमिनीपासून दोन-तीन इंच वर असतो आणि खालून गार हवा फिरते. बंद पेशींच्या फोमची चटई (ट्रेकिंगला वापरतात ती, भिजली तरी पाणी न पिणारी) पाळण्याच्या खाली पसरा. आत, गादीवर टाकू नका. गादी आणि भिंतीत फट पडते.

कपड्यांचं गणित अवघड होतं ते तापमान रात्रीत बदलतं म्हणून. साडेसातला तंबूत २५ अंश असतात, पहाटे चारला १०. झोपवताना पहाटेचे कपडे घातले तर बाळ घामाने भिजतं आणि मध्यरात्री तेच ओले कपडे गार पडतात. म्हणून झोपवताना अंगाला लागून पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक बॉडीसूट आणि हलकी झोपपिशवी (स्लीप सॅक) एवढंच. मोठी माणसं दहा-साडेदहाला झोपायला येतात, तेव्हा दूध पाजताना पायमोज्यांसकट असलेला फ्लीसचा झबला आणि २.५ किंवा ३.५ टॉगची (टॉग म्हणजे उबेचं माप) पिशवी चढवा. हात गार लागले म्हणून घाबरू नका, हात गारच असतात. मानेच्या मागे दोन बोटं घालून बघा: कोमट आणि कोरडी मान म्हणजे ठीक, ओलसर म्हणजे एक थर काढा. तंबूच्या छताची जाळी उघडी ठेवा, बंद केली तर पहाटे कापडावरून दव टपकतं. आणि तंबूत शेगडी, हीटर, निखारे, काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तिरफळ

चांगला धागा. एक भर. जूनमध्ये व्हॅलीत रात्री नऊपर्यंत उजेड असतो. पाळण्यावर चादर टाकून अंधार करायचा मोह होतो. करू नका, आत हवा कोंडते आणि तापते. झोपेची वेळच एक तासाने पुढे ढकला. दुपारच्या झोपेचं टायमिंग त्याप्रमाणे सरकवलं की जमतं.

आणि मे ते सप्टेंबर व्हॅलीत शेकोटी फक्त संध्याकाळी पाच ते दहा लावता येते. म्हणजे बरोब्बर बाळाच्या झोपेच्या वेळेला शेजारच्या वीस शेकोट्यांचा धूर तरंगत असतो. काठावरची जागा मिळाली तर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकोटीचं लोखंडी कडं आणि राख गरम असू शकते, वरून पांढरी दिसली तरी. रांगणारं बाळ असेल तर रात्रीच पाणी ओतून काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताचा मागचा भाग जवळ नेऊन खात्री करा.

गणगोत

एवढं पाळणाबिळणा कशाला? आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपतं. मोठी डबल स्लीपिंग बॅग घ्यायची आणि मधे घ्यायचं.

रानपाखरू

@गणगोत, घरच्या घट्ट गादीवर कुशीत झोपण्याबद्दलही इथले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्ष नको म्हणतात, पण तो वाद बाजूला ठेवू. मोठ्यांची स्लीपिंग बॅग ही वेगळीच चीज आहे. तिचं तोंड बाळाच्या डोक्याच्या वर असतं, बाळ आत सरकतं, आणि तोच श्वास पुन्हा घेत राहतं. शिवाय दोन मोठ्या शरीरांची ऊब मधे, त्यामुळे बाहेर १० अंश असले तरी आत तापतं. खाली हवेची गादी, दिवसभर चालून गाढ झोपलेले आईवडील. हे सगळं एकत्र आलं की धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. तळहाताएवढ्या अंतरावर पाळणा लावा, हात आत घालून थोपटता येतं.

आणखी एक आपल्याकडचं: गळ्यातली काळी पोत, दृष्टीचा दोरा, ताईत झोपताना काढा. मनगट्यांचे मणी सुटले तर थेट तोंडात जातात.

अनवट_वाट

पाठीवरच्या कॅरियरबद्दल कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते. फ्रेमवाला कॅरियर हा बाळ आधाराशिवाय बसू लागल्यावरच, आणि बहुतेक कंपन्यांची खालची मर्यादा १६ पौंड म्हणजे सव्वासात किलो. ऑस्प्रे पोकोची वरची मर्यादा साडेअठ्ठेचाळीस पौंड, म्हणजे २२ किलो, आणि त्यात कॅरियर, बाळ, सामान सगळं आलं. रिकामा कॅरियर साडेतीन किलोच्या आसपास, बाळ साडेआठ, दोन लिटर पाणी, डायपर-कपडे दीड किलो: साडेपंधरा झाले. बाकी सगळं दुसऱ्याच्या पाठीवर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पुढे बांधायचा मऊ कॅरियरच: चेहरा दिसत राहिला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, आणि मान वाकवली की कपाळाची पापी घेता आली पाहिजे एवढ्या उंचीवर बाळ हवं.

बसवायची पद्धत: सपाट जमिनीवर पाय (किकस्टँड) पूर्ण उघडा, खट्ट आवाज आला पाहिजे. वाळूत किंवा पाईनच्या सुयांवर तो सरकतो, आधी बुटाने जागा साफ करा. टेबलावर कधीच ठेवू नका. आतले पट्टे आधी सैल करून बाळ सोडा, मग खांद्याचे पट्टे आवळा. सीटची उंची अशी की हनुवटी पुढच्या पॅडच्या वर येईल. उंची कमी ठेवली तर झोपेत नाक पॅडमध्ये जातं. पायांची रिकीब लावलीच पाहिजे. पाय लोंबकळत राहिले तर मांडीचा पट्टा काचतो आणि तळव्यांना रक्त कमी पोहोचतं. उचलताना एक गुडघा टेकून, पुढची-मागची दोन्ही कडी धरून आधी मांडीवर, मग पाठीवर. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर, पोटावर नव्हे. वजन तिथे बसलं की खांदे मोकळे होतात.

सगळ्यात जास्त चुका पाठीवर घेतल्यानंतर होतात. बुटाची नाडी बांधायला कमरेतून वाकलं की बाळ तुमच्या डोक्यावरून पुढे येतं. गुडघ्यात बसा, नाहीतर दुसऱ्याला बांधायला सांगा. झाडाची फांदी चुकवताना तुमचं डोकं सुटतं, बाळाचं आदळतं, कारण ते तुमच्यापेक्षा वर असतं. चालणाऱ्याला घाम येतो म्हणून बाळालाही गरम होत असेल असं वाटतं. ते तर हलतच नाही. त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त. दर अर्ध्या तासाला उतरवून पायाची बोटं चाचपा. आणि कॅरियरमध्ये मागे खायला देऊ नका, ठसका लागला तर दिसत नाही. मऊ केळंही खाली उतरवून.

वाटा: लोअर योसेमिटी फॉलचा एक मैलाचा फेरा आणि कुक्स मेडो, दोन्हीकडे बाबागाडी चालते. मिरर लेकला डांबरी रस्त्याने जाऊन-येऊन दोन मैल, थोडा चढ आहे. व्हर्नल फॉलचा पूल ०.८ मैलावर, चढ ४०० फूट. डांबरी असला तरी बाबागाडीचं काम नाही, कॅरियर घ्या. पुलावरून परत फिरा. त्यापुढे मिस्ट ट्रेलच्या सहाशेहून जास्त ओल्या दगडी पायऱ्या आहेत. पाठीवर साडेपंधरा किलो आणि त्यातले साडेआठ अचानक एका बाजूला कलणारे, अशा वेळी ओला ग्रॅनाइट हा खेळ नाही. ट्वॉलमी ग्रोव्हला (सिक्वोया वृक्षांची राई) उलटा घाट: जाताना एक मैल उतार, परतताना ५०० फूट चढ. बाळाची भूक परतीच्या चढावरच लागते, वेळ तशी बेता.

दुपारचा_चहा

मर्सेड नदीत पाय बुडवले तर चालेल का बाळाचे?

अनवट_वाट

जूनमध्ये ते वितळलेलं बर्फ असतं. काठाशी शांत दिसतं आणि दोन पावलांवर ओढ असते. कडेवर घेऊन पाण्यात उतरू नका, गोटे शेवाळी आहेत. बादलीत पाणी घेऊन उन्हात तासभर ठेवा आणि त्यात पाय बुडवा. बाळाला तेवढंच अप्रूप.

तिरफळ

आता अस्वलांचं. व्हॅलीत अंधार पडल्यावर गाडीत खाण्याची कुठलीही वस्तू ठेवायची नाही. दिवसा, काचा बंद करून, नजरेआड ठेवली तर चालते. रात्री सगळं लॉकरमध्ये. यलोस्टोनला बंद गाडीत ठेवायला परवानगी आहे, तिथून आलेले लोक इथे तेच करतात आणि फसतात. दंड पाच हजार डॉलरपर्यंत.

काळ्या अस्वलाला गाडीचं दार वरच्या कोपऱ्यातून खाली वाकवता येतं. योसेमिटीत फोडलेल्या गाड्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात मिनीव्हॅन प्रमाणाबाहेर जास्त निघाल्या. अभ्यासकांनी सुचवलेल्या कारणांतलं एक आपल्या कामाचं आहे: मिनीव्हॅनमध्ये मुलं असतात आणि मुलं खातात तेवढंच सांडतात.

म्हणून बाळाच्या सामानात "खाणं" कशाला म्हणायचं याची यादी घरच्यापेक्षा लांब आहे. फॉर्म्युलाचा डबा, न धुतलेल्या बाटल्या, लाळेरं, पुसायचे सुगंधी वाइप्स, डायपर रॅशचं मलम, सनस्क्रीन, तेलाची बाटली, वापरलेल्या डायपरची पिशवी, तूप, रिकामा कूलर. सगळं आत. कारसीटच्या कव्हरला आणि पट्ट्यांच्या फटींना दुधाचा, बिस्किटाचा वास बसलेला असतो. सिक्वोया नॅशनल पार्कात तर लहान मुलांच्या सीट रात्री गाडीतून काढायलाच सांगतात. निघण्याच्या आदल्या दिवशी कव्हर काढून धुवा आणि सीटखालची जागा व्हॅक्यूम करा. तिथे जो सापडतो तो महिन्यापूर्वीचा चीरिओ असतो.

लॉकर सगळे सारख्या मापाचे नाहीत. लहान लॉकर ३३ इंच खोल, ४५ रुंद, १८ उंच असतो. कूलर १८ इंचांपेक्षा बुटका आणा, उभा चाकांचा कूलर अडतो. लॉकर प्रत्येक वेळी कडीसकट बंद करायचा, "जरा डायपर बदलून येते" एवढ्यासाठीही.

मऊभात

खाण्याचं माझ्याकडे. इथल्या पाऊचमधल्या प्युरी सोप्या आहेत, पण गार पहाटे बाळाला गरम काहीतरी हवं असतं आणि त्याला आपल्या खिमटासारखं दुसरं नाही. कूलर लागत नाही, वजन नाही.

घरून करून न्यायचं: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ धुऊन, पंच्यावर पसरून पूर्ण सुकवायची. ओल राहिली तर पीठ गोळा होतं आणि वास धरतं. मंद आचेवर वेगवेगळं भाजा, तांदूळ फुलेपर्यंत आणि डाळ गुलाबी होईपर्यंत. शेवटी अर्धा चमचा जिरं. गार करून मिक्सरवर भरड काढा. आठ महिन्यांच्या बाळाला रव्याएवढी, सहाच्या बाळाला त्याहून बारीक. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

तळावर: दोन मोठे चमचे भरड आधी पाव वाटी गार पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात घातलीत तर गुठळ्या होतात आणि कॅम्पच्या शेगडीवर त्या मोडत बसायला वेळ नसतो. एक वाटी पाणी उकळलं की कालवलेलं ओता, आच अगदी कमी करा आणि ढवळत राहा. कॅम्पच्या शेगडीची ज्योत मधोमध एकवटलेली असते, पातळ टायटॅनियमच्या भांड्यात खिमट मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. जाड बुडाचं लहान स्टीलचं पातेलं घरून न्या. ४००० फुटांवर पाणी ९६ अंशांना उकळतं, म्हणून घरच्या सात मिनिटांऐवजी नऊ-दहा धरा. चमच्यावरून दाट पण सलग पडलं की झालं. तूप अर्धा चमचा. मीठ वर्षाच्या आत नको. मध तर अजिबातच नको, चाटवायलाही नाही. बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) धोका आहे, आणि उकळून तो जात नाही.

दिवसा वाटेवर न्यायचं असेल तर रुंद तोंडाचा थर्मास आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं तापवा, पाणी ओता, लगेच वाफाळतं खिमट भरा. अर्धा भरला तर पटकन निवतं, काठोकाठ हवा. ६० अंशांच्या खाली गेलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, बाहेर ३२ च्या वर ऊन असेल तर एकच तास.

शेवंती

खिमट रोज तिन्ही वेळा नको. तांदळात आर्सेनिकचा अंश असतो, म्हणून इथले डॉक्टर धान्यं बदलत राहायला सांगतात. एक वेळ नाचणीसत्त्व, एक वेळ ओट्स.

फॉर्म्युलावाल्यांसाठी: तळावरच्या नळाचं पाणी पिण्याचं आहे, नदीचं उकळल्याशिवाय नाही. उकळी एक मिनिट, साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं. पावडर मापून छोट्या डब्यांत भरून न्या, म्हणजे अंधारात चमचे मोजावे लागत नाहीत. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ७० अंशांपेक्षा गरम पाण्यात कालवून मग बाटली गार पाण्याच्या भांड्यात उभी करून निववायची. तयार दूध दोन तासांत संपवा, बाळाने तोंड लावलेलं एका तासात. काढलेलं आईचं दूध बर्फाच्या पिशव्यांसकट कूलरमध्ये चोवीस तास राहतं, पण दर वेळी कूलर उघडला की तो हिशेब बिघडतो. दुधाला वेगळा छोटा कूलर.

आणि अंगावर पाजणाऱ्या आईचं पाणी कुणी मोजत नाही. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही. दर पाजण्याला एक पेला, तहान असो नसो. बाळाचे चोवीस तासांत सहा ओले डायपर व्हायला हवेत, त्याहून कमी झाले तर पुढचा बेत रद्द करून पाजत बसा.

दुपारचा_चहा

दुसऱ्या दिवशी टायोगा पासला फक्त गाडीने वर जाऊन आलो तर? रस्ता उघडला असेल तर.

कोलोरॅडोचा_कावळा

टायोगा ९९४३ फूट. दिवसा गाडीने वर जाऊन रात्री ४००० वर झोपायला परत येणं बहुतेक निरोगी बाळांना झेपतं. त्रास होतो तो उंचीवर झोपल्याने. इकडे लोक डेनव्हरला उतरतात आणि त्याच दिवशी मुक्कामाला ९००० फुटांवर जातात, तिथे गोची होते. ८००० च्या वर झोपायचं असेल तर वाटेत एक-दोन रात्री मधल्या उंचीवर काढा. बाळ "डोकं दुखतंय" म्हणत नाही: दूध नको म्हणणं, उलटी, कशानेच न थांबणारी किरकिर, झोपच न लागणं. सर्दीची किरकिर आणि ही किरकिर वेगळी ओळखत बसू नका, खाली उतरा. हजार-दीड हजार फूट उतरल्यावर शांत झालं की उत्तर मिळालं. सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा कान दुखत असेल तर जाऊच नका. घाट चढता-उतरताना पाजत राहिलं की कानाचे दडे सुटतात, पण त्यासाठी गाडी थांबवा, बाळाला सीटमधून काढून चालत्या गाडीत पाजू नका. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा काही इतिहास असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर आधी डॉक्टरला विचारा.

शेवंती

ऊन आणि डास. सहा महिन्यांच्या पुढे झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन, त्याआधी सावली आणि लांब बाह्या. नारळाचं तेल चोपडलं की ऊन लागत नाही हा गैरसमज इथेही टिकून आहे. डासांसाठी डीईईटी दोन महिन्यांच्या पुढे, ३० टक्क्यांपर्यंतचं. लेमन युकॅलिप्टसचं तेल "नैसर्गिक" म्हणून विकतात, ते मात्र तीन वर्षांखाली नको. आधी सनस्क्रीन, मग डासांचं. थेट बाळावर फवारू नका, आपल्या हातावर घेऊन लावा. बाळाच्या हातांना नाही, कारण हात तोंडात जातात. झोपण्यापूर्वी पुसून काढा. परमेथ्रिन (कपड्यांवर मारायचं कीटकनाशक) तुमच्या पँटवर मारा, कॅरियरच्या पुढच्या पॅडवर नको. तो पॅड बाळ चघळत असतं.

औषधांचं एक, खास आपल्या लोकांसाठी. भारतातून आणलेले पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स सहसा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात. इथलं बाळांचं औषध ५ मिलीत १६०, म्हणजे मिलीला ३२. इथल्या डॉक्टरने "अडीच मिली" सांगितलं आणि तुम्ही पर्समधल्या भारतीय बाटलीतून दिलं, तर तिप्पट डोस गेला. तंबूत, टॉर्चच्या उजेडात, हे सहज होतं. एकच बाटली न्या, तिच्यावर वजनानुसार डोस मार्करने लिहा. चुकून गेलंच तर पॉयझन कंट्रोल १-८००-२२२-१२२२, नंबर कागदावर ठेवा, व्हॅलीत रेंजचा भरवसा नाही.

गणगोत

ते कुशीतलं पटलं. आता डायपरचं कुणीतरी सांगा, दोन रात्रींचे किती?

अनवट_वाट

दिवसाला आठ धरून वर चार, म्हणजे वीस. तळावरच्या संडासात टाकायचे नाहीत, पुरायचे नाहीत, शेकोटीत तर नाहीच. जेल जळत नाही आणि अस्वल उकरून काढतं. वाटेवर असताना शी झालेला डायपर आतल्या बाजूला गुंडाळून झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या अपारदर्शक पिशवीत, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून. तळावर आलं की लगेच अस्वलांना न उघडणाऱ्या कचरापेटीत, रात्री पिशवी तंबूत नको. पहाटेचे वाइप्स बर्फासारखे लागतात आणि त्या एका स्पर्शाने बाळ टक्क जागं होतं. चार वाइप्स झिपच्या पिशवीत घालून झोपताना आपल्या स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. (वाइप्स बिनवासाचे, तिरफळ ओरडायच्या आत सांगते. आणि उठल्यावर परत लॉकरमध्ये.)

तिरफळ

ओरडणारच होतो. वास नसला तरी रात्रभर तंबूत नको. चार वाइप्सपेक्षा सुती रुमाल आणि लहान थर्मासात कोमट पाणी ठेवा, तो त्रास मिटतो.

जुलैनंतर जाणाऱ्यांसाठी: वणव्यांचा धूर. निघायच्या सकाळी एअरनाऊ या हवेच्या गुणवत्तेच्या वेबसाइटच्या फायर अँड स्मोक नकाशावर व्हॅलीचा हवेचा आकडा (एक्यूआय) बघा. १०० च्या वर गेला की लहान मुलं आधी धोक्यात येतात, आणि दोन वर्षांखाली मास्क लावता येत नाही. बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, जाऊ नका.

दुपारचा_चहा

शेवटचा प्रश्न. कारसीट लॉकरमध्ये मावत नसेल तर? आणि ती काढायची म्हणजे सकाळी पुन्हा पट्टे आवळत बसायचं.

तिरफळ

लहान लॉकरमध्ये उलटसुलट लावता येणारी मोठी सीट मावत नाही, हे खरं. नुसतं कव्हर काढा, ते आणि पट्ट्यांचे मऊ पॅड पिशवीत घालून लॉकरमध्ये. कव्हरचे हुक कसे सुटतात ते घरी एकदा बघून फोटो काढून ठेवा. प्लास्टिकचा सांगाडा कोमट साबणपाण्याने पुसा, फटींतून जुना टूथब्रश फिरवा. पट्टे मात्र साबणात किंवा ब्लीचमध्ये भिजवायचे नाहीत, धागा कमकुवत होतो. ओल्या फडक्याने पुसायचे. सांगाडा गाडीतच लॅचला (सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्यांना) अडकलेला राहतो, त्यामुळे सकाळी फक्त कव्हर चढवायचं. चढवल्यावर पट्टा कुठे पिळला नाही ना, बघा. बाळ भुकेलं असतं तेव्हा तो हमखास पिळलेला असतो.